फितूर वेल

“काकू, तुमचा हा वेल खरा आहे की प्लास्टिकचा?”

प्रश्न सुतळीचा होता, तोंड फक्त तोफेचं. फाटकाशी उभं राहून सुतळी म्हणाली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव, आणि हिंमत हा शब्द कानावर पडला की तोफेला आजकाल मागचंपुढचं काही सुचत नसे. आजकाल म्हणजे गेल्या सहामाहीपासून. त्याआधी ही मुलगी वर्गात हजेरी द्यायची तीसुद्धा अशी, की बाई आधी गैरहजर मांडायच्या आणि मग खोडायच्या. पण वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी वर्गाची ठरलेली मुलगी तापाने आडवी झाली, बाईंनी समोर जी दिसली तिला व्यासपीठावर ढकललं, आणि ‘वेळेचं महत्त्व’ या विषयावर ती अशी कडाडली की वेळ संपल्याची घंटा कुणालाच ऐकू आली नाही. बक्षीस गेलं, पण नाव मिळालं. तेव्हापासून ती तोफ. घरात आईबाबा तिला खऱ्या नावाने हाक मारत, पण त्या हाकेला ती आता जरा उशिरानेच ओ देई.

सुतळी ही तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. उंच, बारीक, आणि कुणालाही कशालाही बांधून घालायला तयार. दोघींची बैठक रोज संध्याकाळी तोफेच्या मागच्या दाराच्या पायरीवर. तिथे अभ्यास सोडून सगळं व्हायचं.

आता त्या वेलाविषयी. तोफेचं घर एका लांबलचक चाळवजा बैठ्या वसाहतीत. एकाला एक चिकटलेली घरं, प्रत्येकाला मागे टॉवेलाएवढं अंगण, आणि दोन अंगणांच्या मधे डोक्याएवढी भिंत. शेजारच्या काकूंच्या व्हरांड्यावर गुलाबी फुलांचा बारमाही वेल होता. बारमाही म्हणजे त्याला सुट्टीच नाही. एक वाळकं पान नाही, एक कोमेजलेलं फूल नाही, किडा नाही, कोळ्याचं जाळं नाही. असा वेल निसर्गात नसतो, दुकानात असतो, असं सुतळीचं म्हणणं. त्यात त्या घरची मुलगीही तशीच. तोफेच्याच वर्गात. वहीच्या कडा दुमडलेल्या नाहीत, वेणीतला एक केस इकडचा तिकडे नाही, शाई सांडलेली नाही. सगळे तिला ‘आदर्श उत्तरपत्रिका’ म्हणत, आणि घाईत नुसतं ‘उत्तरपत्रिका’. तोफेची आई तर दिवसातून निदान एकदा भिंतीकडे मान वेळावून म्हणे, “बघ जरा तिच्याकडे.” मधे भिंत असल्यामुळे तोफ भिंतीकडे बघे.

तर प्रश्न विचारला गेला. काकू रागावतील, फाटक लावून घेतील, आणि आपण पळत सुटू, असा दोघींचा अंदाज. पण काकू खो-खो हसल्या. म्हणाल्या, ये की आत, हात लावून बघ. प्रश्न विचारणारी फाटकाशी मान ताठ करून उभी राहिली, कारण हात लावला तर हार मानल्यासारखं होतं. सुतळीला असली काही तत्त्वं नव्हती. ती आत गेली, पानं चाचपली, फुलं हुंगली, “अय्या, खरा आहे गं,” असं तिथूनच ओरडली आणि वेताच्या खुर्चीत बसली. उत्तरपत्रिकेने सरबत आणून दिलं. पेल्याखाली बशी होती.

दुसऱ्या दिवशी सुतळी म्हणाली, गणितातलं एक अडलंय, जरा तिकडून विचारून येते. तिसऱ्या दिवशी भूगोल अडला. पुढे पुढे काय अडलंय ते सांगायचीही तिला गरज वाटेनाशी झाली. वर्गातल्या आणखी दोघीतिघी तिथे जमायला लागल्या. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज येत, आणि तोफ पायरीवर एकटी, मांडीवर पुस्तक उघडं ठेवून, पान न उलटता बसे.

“पोटात दुखतंय,” ती आईला म्हणाली.

यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्याचं बरं बघून जे दुखतं तेही पोटातच दुखतं, भाषेने ही सोय करून ठेवलेली आहे. आईने मात्र शब्दशः घेतलं. गरम पाण्याची पिशवी आली, रात्रीचं जेवण बंद झालं, आणि तोफ रिकाम्या पोटाने आणि पिशवीच्या उबेने आणखीच जळायला लागली. त्या जळण्यातून जो निर्णय उजळून निघाला तो असा, की आपल्यालाही वेल पाहिजे. सावलीचा, फुलांचा, आणि तिकडच्या वेलाला मान खाली घालायला लावणारा. मग बघू सुतळी कुठे बसते.

बाबा पाणीपुरवठा खात्यात कारकून असल्यामुळे घरात पाण्याशी संबंधित सर्व बाबतींत शेवटचा शब्द त्यांचा, आणि वेलाला पाणी लागतं. आई दंतवैद्याच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची, त्यामुळे लोकांना थांबवून ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वेलाचा विषय निघाल्याबरोबर दोघांनी आपापलं काम सुरू केलं. बाबा म्हणाले, तो वेल लावायचा कुठे? आई म्हणाली, ती वेल चढवायची कशावर? तोफेने दोघांकडे बघितलं. बाबांच्या लेखी वेल पुरुष होता, आईच्या लेखी बाई. अर्धा तास वाद त्याच्यावरच झाला. आई म्हणाली, वेल कशी नाजूक असते, आधार शोधते. बाबा म्हणाले, म्हणूनच तो वेल, आधार तूच कुठे शोधतेस, आधार तर मी शोधतो. यावर आईने पातेली घासायला बाबांकडे दिली.

जागा एकच होती, ती मधली भिंत. पण भिंत सामाईक, आणि सामाईक म्हटलं की वसाहतीच्या संस्थेचे सचिव आलेच. हे गृहस्थ कुठल्याशा कार्यालयातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते, पण कार्यालय त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी भिंतीची फोड करून सांगितली. इकडची बाजू तुमची, तिकडची बाजू त्यांची, आणि वरची कड संस्थेची. कडेवर कुणी काही ठेवायचं नाही. तोफेने विचारलं, कावळा बसला तर? सचिव म्हणाले, कावळा सभासद नाही.

मग अर्ज. अर्जाचा पहिला अर्धा भाग बाबांनी सांगितला आणि उरलेला आईने, कारण मधे बाबांना फोन आला. अर्ज शेरा मारून परत आला. वरच्या परिच्छेदात ‘तो वेल’ आणि खालच्यात ‘ती वेल’ असा उल्लेख असल्यामुळे अर्जदारांना एकूण दोन वेल लावायचे आहेत असं दिसतं, आणि नियमानुसार एका घराला एकच. तोफेला हसावं की रडावं कळेना. शेवटी तिने ‘तो’ आणि ‘ती’ दोन्ही उडवून ‘सदर वेल’ असं लिहिलं. सदर या शब्दावर सचिव इतके खूश झाले की त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली.

परवानगी मिळाली, पण दोन अटींवर. पहिली, मुळं भिंतीत शिरतील असं कायमचं काही चालणार नाही, फक्त वार्षिक वेल चालेल. दुसरी, शेजाऱ्यांची, तोंडी का होईना, परवानगी हवी.

पहिल्या अटीने घरात नवी आग लावली. बाबांच्या मते वार्षिक म्हणजे वार्षिक सभेसारखं, दरवर्षी न चुकता आपोआप येणारं, कुणी बोलावलं नाही तरी. ते म्हणाले, एकदा लावलं की जन्माची ददात मिटली. आईच्या मते वार्षिक म्हणजे वार्षिक परीक्षेसारखं, वर्षातून एकदा काय ते होणार आणि उरलेले महिने नुसती धाकधूक. असली वेल तिला नको होती. तोफेने विज्ञानाचं पुस्तक आणून वाचून दाखवलं, की वर्षायू वनस्पती एकाच हंगामात उगवते, फुलते, बी धरते आणि मरते. ती एवढ्या मोठ्याने वाचत होती की ‘मरते’ वर येईपर्यंत आईचा चेहरा उतरला.

“मरायचं आधीच ठरलंय, तिला घरात आणायची?” आई म्हणाली. “आणि मग मरेपर्यंत मी तिच्या तोंडाकडे बघत बसू?”

बाबा म्हणाले, पुस्तक जुनं असेल.

दुसरी अट त्याहून कडू. शेजाऱ्यांची परवानगी म्हणजे काकूंची परवानगी. तुमच्या वेलाचं नाक कापायला मला वेल लावायचाय, तुमची काही हरकत नाही ना, असं काही विचारता येत नाही. तोफ फाटकातून आत गेली तेव्हा समोर सगळी मंडळी बसलेली. सुतळीच्या केसांत एक गुलाबी फूल होतं. ते बघितलं आणि तोफेचा जो आवाज सभागृह हादरवायचा तो फाटक्या टायरसारखा निघाला. काकूंची हरकत मुळीच नव्हती. उलट त्यांना कौतुक वाटलं, आणि कौतुकाहून वाईट काही नाही. त्या म्हणाल्या, लाव की, अगदी लाव, आणि काही अडलं तर आमच्या हिला विचार, हिचा हात चांगला आहे. उत्तरपत्रिका खाली बघून म्हणाली, वेलाच्या बिया आदल्या रात्री भिजत घाल, लवकर रुजतात. म्हणाली अगदी हळू, पण तोफेला ते चारचौघांत काढलेल्या चुकीसारखं लागलं. आणि खरी पंचाईत ही, की सल्ला चांगला होता.

आता वेल निवडायचा. बाबांनी एका फटक्यात निवडला. त्यांच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने वेलघेवड्याचं घरचं बी दिलं होतं, टपोरं, तांबूस, ठिपक्यांचं. बाबांचा मुद्दा बिनतोड होता. वार्षिक आहे, वेल आहे, सावली देतो, वर भाजी. तोफेने भिंतीपलीकडे गुलाबी फुलं आणि अलीकडे शेंगा असं चित्र डोळ्यांपुढे आणलं आणि तिला भोवळ आली. घेवड्याखाली बसायला कोण येणार? शेंगा निवडायला हात लागतील म्हणून उलट सगळ्या पळतील. पण बाबांनी सांगून टाकलं, सहकाऱ्याने मनापासून दिलंय, रुजवलं नाही तर रोज तोंड कसं दाखवू. म्हणून तोफेने बी वाडग्यात भिजत घातलं. नाइलाजाने, आणि उत्तरपत्रिकेच्या पद्धतीने.

दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यातून दमून आली. तिने ओट्यावर झाकलेलं वाडगं उघडलं. आत छान फुगलेला घेवडा. या घरात इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी, न सांगता, दुसऱ्या दिवसाच्या स्वयंपाकाची तयारी करून ठेवली होती. तिचे डोळे पाणावले. तिने घेवडा कुकरला लावला, मनापासून फोडणी दिली, आणि ताटं वाढताना बाबांकडे अशा काही नजरेने बघितलं की बाबा ताटावर नीट सरसावून बसले.

“तुम्ही भिजवलात ना?” तिने विचारलं. “मला कळलं.”

तोफेने बाबांकडे बघितलं. बाबांनी तोफेकडे. मग दोघांनी आपला वेल मुकाट्याने पोळीशी खाल्ला. चांगला झाला होता. बाबांनी दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि आईला आणखी भरून आलं. पुढे कितीतरी दिवस सहकारी रोज चौकशी करत, वर आला का, आणि बाबा सांगत, हो हो, सगळ्यांना आवडला.

घेवड्याचा असा निकाल लागल्यावर तोफ नर्सरीत गेली. नर्सरीवाल्याने तिला वर्षायू वेलींच्या पुड्यांची अख्खी भिंत दाखवली. पुडीवरच्या चित्रात जे फूल असतं ते फूल कुठल्या देशात लावतात कोण जाणे, पण तोफेचा चित्रांवर विश्वास होता. एक निळा वेल होता, तो फक्त सकाळी फुलायचा आणि दुपारी तोंड मिटायचा. सुतळी यायची संध्याकाळी, म्हणून तो बाद. एकाची पानं कोबीएवढी आणि फुलं मोहरीएवढी. तोही बाद. एक अतिशय देखणा होता, पण नर्सरीवाला म्हणाला, हा सावकाश वाढतो. तोफ म्हणाली, मला सावकाश नको, मला शेजारच्यापेक्षा लवकर पाहिजे. नर्सरीवाल्याने विचारलं, शेजारचा केवढा आहे? तिने दोन्ही हात पसरले. त्याने तिच्या हातांकडे बघितलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि एकही प्रश्न न विचारता ‘स्वीट पी’ची पुडी काढून दिली. रंगीत फुलं, झुपकेच्या झुपके, आणि वास असा की जाणारायेणारा थांबतो. “भिंत चढून जाईल,” तो म्हणाला.

घरी पुडी दोघांनाही पसंत पडली. आईला वासासाठी. बाबांना ‘पी’ म्हणजे वाटाणा एवढं इंग्रजी येत असल्यामुळे, आणि ‘स्वीट’ म्हणजे तर विचारायलाच नको. घेवडा गेला, गोड वाटाणा आला, म्हणून ते अंगणात शीळ घालत फिरले. पुडीच्या मागे बारीक अक्षरात ‘याच्या शेंगा व बिया खाऊ नयेत’ असं छापलेलं त्यांनी चष्मा लावून वाचलं तेव्हा बी पेरून झालेलं होतं. ते शीळ घालायचे थांबले. या खेपेला भिजवलेल्या वाडग्यावर तोफेने पाटी ठेवली होती, ‘हा स्वयंपाक नाही’. आईने ती पाटी दोनदा वाचली होती. तिला काय कळलं आणि किती कळलं हे कुणी विचारलं नाही.

मग आला शेजारपाजाऱ्यांचा सल्ला. दोन घरांपलीकडच्या शिंप्याने सांगितलं, वेलाला दोऱ्यापेक्षा नाडी बरी. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याने सांगितलं, वेल नेहमी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गुंडाळायचा, उलटा गुंडाळला तर रुसतो. तोफेने आधी उलटा गुंडाळला होता. तिने तो सोडवून सुलटा गुंडाळला, तेव्हा शिंपी म्हणाला, असा हाताळलात तर जगणार नाही. वेलाने कुणाचंच ऐकलं नाही. त्याला बारीक स्प्रिंगसारखे तंतू फुटले, त्यांनी भिंतीला लावलेली जाळी पकडली, आणि तो आपल्या मनाने निघाला. तोफ शाळेतून आली की दप्तर टाकून सरळ भिंतीशी. खत घाल, पाणी घाल, माती उकर, पानं मोज. भिंतीपलीकडून सुतळी हाक मारे, अगं येतेस का. तोफ म्हणे, थांब, खत घालतेय. पुन्हा हाक येई. थांब, तण काढतेय. मनात म्हणे, थांब ना, फुलू दे एकदा, मग तू ये.

वेल वाढला. हिरवागार, तरतरीत, पानांनी भरगच्च. फूल मात्र एकही नाही. बाबा म्हणाले, सवय व्हायला वेळ लागतो. आई म्हणाली, परीक्षेआधी सगळ्यांचं असंच होतं. तेवढ्यात सचिव फूटपट्टी घेऊन आले. वेलाचा शेंडा संस्थेच्या कडेवर आला होता. त्यांनी कडेवरचं अतिक्रमण मोजलं आणि ते मागे घ्या म्हणाले. तोफेने शेंडा हळूच खाली वळवला. सकाळी तो पुन्हा वर. तिने पुन्हा वळवला. तो पुन्हा वर, आणि या वेळी एकटा नाही, भावंडांना घेऊन. सचिवांनी शेवटी निकाल दिला, की सदर वेल कडेवर मुक्काम न करता नुसता पलीकडे जात असेल तर त्याला प्रवासी समजता येईल.

म्हणजे तो पलीकडे जात होता. पण तोफेच्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही. फुलं का येत नाहीत या काळजीने तिला अन्न गोड लागेना.

एका रविवारी सकाळी ती माती उकरत होती. हवेत कसलासा वास होता, गोड, मधासारखा, मंद. ती चहूकडे हुंगत फिरली. वास होता, पण फूल नव्हतं. आणि भिंतीपलीकडून सुतळीचा आवाज आला.

“काय फुललाय गं तुझा वेल. तू बघितलास का?”

तोफेने बादली पालथी घातली, तिच्यावर चढली आणि भिंतीवरून डोकावली.

तिकडची भिंत दिसतच नव्हती. जांभळी, गुलाबी, पांढरी, लालसर, झुपक्यांवर झुपके, वरच्या कडेपासून पार खाली जमिनीपर्यंत. तिकडे ऊन होतं. सकाळी तिकडून यायचं आणि दुपारभर तिकडेच रेंगाळायचं, आणि तोफेच्या वाट्याला भिंतीची सावली. वेलाने मुळं इकडे ठेवली, पाणी इकडचं प्यायला, खत इकडचं खाल्लं, आणि फुलायला तिकडे गेला. नर्सरीवाला खोटं बोलला नव्हता. चढून जाईल म्हणाला होता, आणि गेला. खाली सतरंजी पसरून सगळ्या मुली बसल्या होत्या. काकूंकडे कुणी पाहुण्या आल्या होत्या आणि हात जोडून विचारत होत्या, अहो, हे केलंत तरी कसं? आणि उत्तरपत्रिका एका हाताने, अगदी सवयीने, कोमेजलेली फुलं खुडून परडीत टाकत होती. तोफेच्या वेलाची.

तोफ बादलीवरून उतरली. उतरली म्हणजे बादलीच कलंडली. घरात येऊन तिने जे सांगितलं ते आवाजामुळे दोन घरांपलीकडे शिंप्यालाही कळलं. वेल पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हा वाद घरात अजून मिटला नव्हता, पण तो फितूर आहे यावर प्रथमच एकमत झालं. बाबा म्हणाले, तक्रार करायची, पाणी आपलं आहे, पाण्याच्या बाबतीत मी गप्प बसणार नाही. आईने कात्री काढली. मुळाशी एक वार, म्हणाली, सगळा खेळ खलास, नाहीतरी मरायचीच आहे. आणि बाबा सचिवांना गाठायला गेले.

तोफ मात्र कात्री खाली ठेवायला सांगून पुन्हा अंगणात आली. तिला वेलाचं तेवढं वाईट वाटलं नव्हतं, खरं सांगायचं तर. वेलाच्या आधीच जी दुसरी कुणी तशीच पलीकडे गेली होती तिचं वाटत होतं. भिंतीवर आता सुतळीचं डोकं होतं. तिला बादली लागत नसे.

तोफेने इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. तू तिकडची झालीस. सरबताला भुललीस. बशीला भुललीस. मी हा वेल कुणासाठी लावला? सुतळी ऐकत राहिली. तोफेला वाटलं, आता ही रडेल, किंवा चिडेल.

“मी रोज हाक मारत होते,” सुतळी म्हणाली. “तू रोज खत घालत होतीस. वेलाशी बोलायचीस तेवढं माझ्याशी बोललीस का तू? मलाच त्या वेलाचा राग यायला लागला होता.”

तोफेने कलंडलेली बादली सरळ केली. तेवढ्यात सुतळीच्या शेजारी आणखी एक डोकं वर आलं. भांग अगदी सरळ. उत्तरपत्रिका कशावर तरी चढली असावी. तिच्या हातात परडी होती आणि गालाला माती लागली होती. तिच्या गालाला माती तोफेने आयुष्यात बघितली नव्हती.

“तुमचं पायरीवरचं हसणं मला इकडे ऐकू यायचं,” ती म्हणाली. “लहानपणापासून. गणित करताना मी पेन्सिल खाली ठेवून ऐकायचे. तू तेव्हा हळू बोलायचीस, ते मात्र कळायचं नाही.” मग म्हणाली, “तू प्लास्टिकचं विचारलंस ना, तेव्हा मला वाटलं, आता तरी आत येशील.”

शेजारणीवर जळायचं म्हणजे ती आपल्यापेक्षा सुखात आहे हे गृहीत धरायचं, आणि तेच आता जाग्यावर राहिलं नव्हतं. पण जळणं ही काही नळाच्या तोटीसारखी गोष्ट नव्हे, फिरवली की बंद. त्या परडीत आपली फुलं आहेत हे तोफेला अजूनही दिसत होतं. आणि सतरंजीवर तिची जागा कोणती, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

“त्या पाहुण्यांना कुणी सांगितलं का,” तिने विचारलं, “की वेल माझा आहे?”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. कुणीच सांगितलं नव्हतं. काकू सांगणार होत्या, पण पाहुण्या मधे बोलू देईनात.

तोफ घरात आली. बाबा सचिवांकडून परतले होते. सचिवांच्या मते मूळ आपल्याकडे असल्यामुळे पाणी घालण्याची जबाबदारी आपली, आणि फुलं तिकडे असल्यामुळे त्यांचा उपभोग तिकडचा, याला व्यवस्था म्हणतात, तक्रार नव्हे. बाबांचा चेहरा पडला होता. आई कात्री हातात घेऊनच खुर्चीत बसली होती आणि म्हणत होती, शेवटचं विचारते, कापू की नको. तोफ दोघांच्या मधोमध उभी राहिली, घसा साफ केला, आणि व्यासपीठावरच्या त्या आवाजात म्हणाली,

“मी ठरवलंय. वेल कापायचा नाही आणि तक्रारही करायची नाही. पाणी मीच घालणार, इकडून, रोज. आणि पाणी घालून झालं की रोज संध्याकाळी तिकडे जाऊन बसणार, सुतळी आणि त्या दुसरीच्या मधे. कुणीतरी तिथे बसून सगळ्यांना सांगायला हवं ना, की वेल आमचा आहे.”